अंगठ्याच्या मापाचं बटण

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकान तासभर आधी उघडते. सुरतेच्या डिंडोलीत लॅपटॉप दुरुस्तीची दुकानं आता गल्लोगल्ली झालीत, पण त्या दिवशीची गर्दी माझ्याकडेच. कारण त्या दिवशीचं दुखणं मला चांगलं कळतं. बटणांच्या फटींत हळद, कुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या. एका पठ्ठ्यानं तर निरांजनच कीबोर्डवर ठेवलं होतं, तूप सगळं स्पेसबारखाली. आमची खानदेशी माणसं गावाकडे होती तेव्हा विळे-कोयते पुजायची, सुरतेला आली तशी लूम आणि शिलाई मशीन पुजू लागली, आणि आता लॅपटॉप पुजतात. पुजायला माझी ना नाही हो. पण झाकण बंद करून पुजा ना! हे मी एकाला सांगितलं तर म्हणाला, "ताई, झाकण बंद म्हणजे देवाला दाराबाहेर उभं केल्यासारखं." मी म्हटलं, "मग आता त्या देवालाच सांग दुरुस्त करायला." तो हसला, मशीन नीट करून घेऊन गेला आणि पुढच्या दसऱ्याला परत आला.

बावीस वर्षं मी हे काम करतेय. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकले, लग्न होऊन अमळनेरहून इथे आले, आणि आमचे हे ऑफिसला गेले की घरात बसून करायचं काय म्हणून पुढच्या खोलीत टेबल टाकलं. सुरुवातीला गिऱ्हाईक दारात थांबून विचारायचं, "भाऊ नाहीत का?" मी सांगायची, "भाऊ अमळनेरला असतात, काम मी करते." दोन-तीन वर्षांनी विचारणं बंद झालं. आता पाटीवर माझं नाव नाही, तरी रिक्षावाल्याला 'लॅपटॉपवाली ताई' म्हटलं की दारात आणून सोडतो.

या धंद्यात नसलेल्यांना वाटतं लॅपटॉप म्हणजे आतलं यंत्र. तसं नाही. आतलं यंत्र क्वचित मरतं, मरतो तो कीबोर्ड, कारण माणसाचा हात लागतो तो तिथेच. आणि सुरतेत हातासोबत काय काय येतं! भरतकामाच्या कारखान्यातल्या मशीनमधून टिकल्या निघतात, साडीच्या दुकानातल्या मशीनमधून कापडाचा भुसा. एकदा एक हिऱ्याचे दलाल आले, घामाघूम. पुडी उघडताना शिंक आली आणि खसखशीएवढा हिरा बटणात गेला. मी पंखा बंद केला, पांढरा कागद अंथरला, एकेक बटण काढत गेले. हिरा निघाला एंटरखाली. दलाल म्हणाले, "बेन, तमारो हाथ सोनानो छे." मी म्हटलं, "काका, तुमचं नाक सांभाळा."

पण गेल्या काही वर्षांत माझी चिडचिड वाढलीय, आणि ती गिऱ्हाइकांवर नाही. पूर्वी कीबोर्ड चार स्क्रू काढले की हातात यायचा. नवा बसवायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नसे. आताच्या बारीक मशीनमध्ये तो आतून शंभर ठिकाणी प्लास्टिक वितळवून चिकटवलेला असतो. एक बटण गेलं तरी अख्खं वरचं अंग बदला. शिवाय मशीन बारीक करायच्या नादात बटणांवरच गदा आलीय. वर-खालीच्या बाणांची दोन बटणं कापून एका बटणाच्या जागेत कोंबायची, उजवीकडचं कंट्रोल उडवायचं आणि तिथे भलतंच काहीतरी ठेवायचं. आणि मशीन बंद करायचं बटण कुठे, तर डिलीटच्या शेजारी! अहो, गॅसचा कॉक आणि पाण्याचा नळ कोणी जवळजवळ ठेवतं का? ज्यानं हे आखलं त्याला एक दिवस माझ्या दुकानात बसवायची माझी फार इच्छा आहे.

हे मी एवढं तावातावानं बोलते खरं. पण ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसले, तिथे सगळ्यात मोठी चूक कुठल्या कंपनीची नव्हती, माझी होती.

भास्करभाऊ पलसाण्याच्या एका मिलमध्ये कापड छपाईच्या मशीनवर होता. रोलरमध्ये उजवा हात गेला. चार बोटं गेली, अंगठा राहिला. वर्षभर घरात बसला, मग मेव्हण्याचा जुना जाडजूड लॅपटॉप मिळाला आणि त्यावर साडीची डिझाइनं करायला शिकला. कापड आयुष्यभर हाताखालून गेलेलं, त्यामुळे कुठला बुट्टा कुठे शोभेल हे त्याला डोळे मिटून कळायचं. त्यानं कामाची स्वतःची पद्धत बसवली. डावा हात माऊसवर, उजवा अंगठा उजवीकडच्या कंट्रोलवर आणि बाणांवर. एक बाण दाबला की बुट्टा एक ठिपका सरकतो. डिझाइनचं सगळं कसब त्या एकेका ठिपक्यात असतं. अंगठा त्या बटणांवर असा चालायचा की पाहत राहावं. आठ वर्षं तो त्याच मशीनवर काम करत होता, आणि मी दरवर्षी ते उघडून साफ करून द्यायची.

मग एका दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो मशीन घेऊन आला. सोबत बायको, निर्मला. मशीन सकाळी चालू केलं ते एकदा उजळलं आणि गेलं. त्याचा चेहरा उतरलेला. रिंगरोडच्या एका साडीवाल्या शेठनं त्याला लग्नसराईचा अख्खा कॅटलॉग द्यायचं ठरवलं होतं, आठ साड्या, आणि पसंत पडल्या तर कायमचं काम. आठवड्यानं गादीवर बसून, शेठच्या पुढ्यात, बाहेरगावच्या पार्टीच्या, म्हणजे माल घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या, पसंतीप्रमाणे बदल करून दाखवायचे होते. आठ वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली तुकड्या-तुकड्यानं काम केल्यावर पहिल्यांदा कोणी त्याच्या नावानं काम देत होतं.

त्याला फोन आला म्हणून तो बाहेर गेला. तेवढ्यात निर्मला टेबलावर वाकली. डोळे भरलेले. "ताई, मन्हा हाते व्हयनं हाई. मी पूजा कयी. नारय फोडं आन् त्यानं पानी शिंपडं मशीनवर. या मशीननं आमले उभं कयं ना ताई, म्हनीसन जरा जास्तच शिंपडं. त्यासले सांगू नका." मी म्हटलं, "नाही सांगणार, जा."

उघडून पाहिलं तर आत गोडूस वास आणि बोर्डावर चिकट हिरवट थर. लोक विचारतात, पाण्यानं मशीन मरतं का? पाण्यानं मरत नाही, पाण्यात वीज सोडली की मरतं. ओलं झालं, तर चालू करू नका, उलटं करून ठेवा आणि माझ्याकडे आणा. बिचाऱ्याला ओलं झालंय हेच माहीत नव्हतं. त्यानं सकाळी बटण दाबलं आणि नारळाच्या पाण्यानं सगळं जाळून टाकलं. त्या मॉडेलचा बोर्ड अख्ख्या सुरतेत मिळेना.

संध्याकाळी भास्करभाऊनं विचारलं, "ताई, झालं काय पण?"

मी वचनाला जागले. खोटं बोलायचं तर पटेल असं बोलावं, म्हणून वर मीठमसालाही लावला. "जुनं झालं होतं भाऊ. बटणं पार घासली. उजवीकडची तर जास्तच. दाबून दाबून खालची पट्टी फाटली, तिनं बोर्ड नेला."

त्यानं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि तो खिशात घातला. मला ते दिसलं. पण मी पुढच्या बोलण्यात होते, नवं मशीन कुठलं घ्यायचं त्याच्या.

निवड मीच केली, आणि मोठ्या ऐटीत केली. प्रोसेसर पाहिला, मेमरी पाहिली, पडद्यावर रंग किती खरे दिसतात तेही साडी शेजारी धरून पाहिलं. बारीक, हलकं, चकचकीत मशीन. "भाऊ, शेठचे डोळे दिपतील," म्हटलं. सगळं पाहिलं, फक्त ते चालवणाऱ्याचा हात पाहिला नाही. बावीस वर्षं कीबोर्डच्या नावानं बोटं मोडणारी मी, आणि वेळ आली तेव्हा कीबोर्डवर नजरही टाकली नाही. म्हणतात ना, दिव्याखाली अंधार.

तो शेठच्या गादीवर बसला तेव्हा काय झालं ते त्यानं नंतर सांगितलं. वरचा बाण दाबायला जावं तर खालचाही दाबला जायचा, बुट्टा जागचा हलायचा नाही. कंट्रोलच्या जागी जे बटण होतं ते दाबलं की भलतीच खिडकी उघडून 'मी आपली काय मदत करू' विचारायची. आणि डिलीट करायला गेला तर पडदाच काळा, तोही दोनदा. पार्टीनं घड्याळ पाहिलं. शेठ माणूस चांगला. म्हणाला, "भास्करभाई, शांतिथी करो. मंगलवारे पाछा आवो." परत बोलावलं खरं, पण मंगळवारी रात्री पार्टी गावी परत जाणार होती, म्हणजे तेव्हाही जमलं नाही तर काम दुसऱ्याकडे.

भास्करभाऊ माझ्याकडे आला तो तक्रार घेऊन नाही. "ताई, मशीन चांगलं आहे. माझ्याच हाताला जमत नाही."

"दाखवा," मी म्हटलं. आणि आठ वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्या शेजारी बसून त्याचा हात नीट पाहिला. रुंद, कामाचा अंगठा. त्या अर्ध्या कापलेल्या बाणावर तो मावतच नव्हता. मी स्वतःला मनातल्या मनात दोन ठेवून दिल्या. त्या मदतनीस बटणाचं काम बदलून कंट्रोल करून दिलं, ते जमतं. पण बटणाचं काम बदलता येतं, आकार बदलता येत नाही. मग म्हटलं, बाहेरून वेगळा मोठा कीबोर्ड लावू, दोन मिनिटांचं काम. त्यानं मान हलवली.

"गादीवर मांडी घालून बसायचं ताई. लॅपटॉप मांडीवर, तो कीबोर्ड कुठे ठेवू? आणि..." तो थांबला. "लोक आधी हात पाहतात. हात पाहून झाला की मग डिझाइन. त्यात अजून एक कुबडी कशाला?"

मी शिक्क्याचं पॅड काढलं. "अंगठा द्या."

"ताई, सही येते मला!"

"सही नको, माप पाहिजे." त्याचा ठसा पुठ्ठ्यावर घेतला, कडेनं कापला, आणि तो पुठ्ठ्याचा अंगठा पर्समध्ये टाकून रविवारी बाजारात निघाले.

दिवसभर मी दुकानादुकानांत बटणांवर अंगठा ठेवून पाहत हिंडले. एक विक्रेता मला मशीन किती हुशार आहे ते सांगत होता, स्वतःहून चित्र काढतं म्हणे. मी पुठ्ठा बाणावर ठेवला, तो दोन्हीकडून बाहेर आला. "बेन, आ शुं छे?"

"आ मारा घराकनो अंगूठो छे."

गिऱ्हाइकाचा अंगठा म्हटल्यावर तो दोन पावलं मागे सरकला. "पण बेन, आ तो लेटेस्ट छे!"

"लेटेस्ट मशीन आहे रे, अंगठा जुनाच आहे," मी मराठीतच म्हटलं आणि पुढच्या दुकानात गेले. चांगले बाण असले तर कंट्रोल नाही. कंट्रोल असलं तर बंद करायचं बटण डिलीटला चिकटून. एका ठिकाणी सगळं होतं, पण बटणं इतकी सपाट की पुठ्ठ्याचा अंगठाही घसरला. तुम्हाला खरं सांगते, लॅपटॉप घेताना तुम्हीही आधी डोळे मिटा आणि दोन मिनिटं त्यावर हात फिरवा. आतलं सगळं कागदावर लिहिलेलं असतं, हाताचं काहीच लिहिलेलं नसतं.

संध्याकाळी ते सापडलं एका जुन्या मालाच्या गोदामात. मोठ्या ऑफिसांनी टाकून दिलेली मशीनं तिथे थप्प्या लावून ठेवलेली असतात. काळं, जाड, पाटावरवंट्याएवढं जड. पण चारही बाण पूर्ण आकाराचे, बाकीच्या बटणांपासून जरा खाली सोडलेले. उजवीकडे ऐसपैस कंट्रोल. बंद करायचं बटण वर, एकटं, वाळीत टाकल्यासारखं. पुठ्ठा ठेवला तर बाणावर नेमका बसला. मला एवढा आनंद झाला की गोदामवाल्यानं घाबरून पाणी विचारलं. नवं मशीन मी दुकानात परत ठेवून घेतलं आणि यात मेमरी वाढवून सोमवारी दुपारी भास्करभाऊच्या घरी घेऊन गेले.

निर्मला पोळ्या करत होती. भास्करभाऊनं मशीन मांडीवर घेतलं, डिझाइन उघडलं, अंगठा बाणावर ठेवला. बसला बरोबर. मी विजयी चेहऱ्यानं पाहत होते. पण बुट्टा हलेना. पाचदा अंगठा टेकवला तर एकदा हलायचा. मी मशीन ओढून घेतलं, स्वतः दाबून पाहिलं. टक, टक, टक, दरवेळी एक ठिपका. पुन्हा त्याच्याकडे दिलं, पुन्हा तेच.

"भाऊ, दाबा ना!"

"दाबतोय ताई."

"कुठे दाबताय? गोंजारताय नुसतं! अहो, बटण आहे ते, तान्हं बाळ नाही!"

माझा आवाज चढला होता, आणि दुसरा दिवस मंगळवार. त्यानं हात उचलून घेतला. हळूच म्हणाला, "एक मशीन गेलं ना असंच. आठ वर्षांत दाबून दाबून मारलं. हे तरी टिकू द्या."

मला तो खिशात गेलेला हात आठवला. मी इकडे कंपन्यांना शिव्या देत, पुठ्ठा घेऊन सुरत पालथी घालत होते, आणि त्या माणसाच्या हातातला जोर मी माझ्या तोंडानं काढून घेतला होता. एक अंगठा राहिला होता त्याच्याजवळ, आणि मी सांगितलं की तोच दोषी आहे. शेठच्या गादीवर त्याला जमलं नाही ते निम्मं त्या कापलेल्या बाणांमुळे, निम्मं माझ्यामुळे. मला इतकी लाज वाटली की वर पाहवेना.

वाचणाऱ्यांचा जीव टांगणीला नको म्हणून हे आधीच सांगून टाकते. मंगळवारी तो शेठकडे गेला, चार तास मांडी मोडली नाही, आणि आठच्या आठ साड्या पार्टीकडून पसंत करवून आला. त्या शेठचं काम तो आजही करतो. पण त्या सोमवारी हे मला ठाऊक नव्हतं. मी वचन दिलं होतं, आणि तोंड उघडावं की नाही या पेचात निर्मलाकडे पाहत होते.

तिनं गॅस बंद केला. पिठाचे हात पदराला पुसले नाहीत, तशीच येऊन नवऱ्यासमोर खाली बसली.

"तुमना अंगठाघाई नही गयं ते," ती म्हणाली. "मी दसराले नारयनं पानी शिंपडं मशीनवर. मी मारं ते. ताईसले मीच सांग व्हतं, सांगू नका म्हनीसन."

मी म्हटलं, "आणि बटणं घासली हे मी रचलं भाऊ. काही घासलं नव्हतं. दरवर्षी उघडून पाहायची ना मी, अजून दहा वर्षं चालली असती. चुकलं माझं."

मला वाटलं आता तिच्यावर ओरडेल, माझ्यावर तरी. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. निर्मला रडायला लागली होती. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग उजवा हात वर आणून आमच्या दोघींसमोर धरला.

"मंग," तो म्हणाला, "मन्हा हात बराबर व्हता?"